भेवाचा रकाना

"सहाशे चौदा!" हजेरी घेणाऱ्या हवालदाराने पुकारलं.

कोणी ओ दिली नाही.

सकाळची परेड होती. मैदानात आम्ही शंभराच्या वर माणूस रांगेत उभा. सारे चूप. सहाशे चौदा म्हणजे दसरथ. दसरथ चार दिवसांआधी मेला होता. रजिस्टरात त्याच्या नावावर रेघ मारायची राहून गेली होती. हवालदाराची चूक, बस एवढीच.

पण ती चूप मला सोसली नाही. माझा नंबर सहाशे पंधरा. जिल्हा नवीन झाला तेव्हा नंबर वाटले. आम्ही दोघं एकामागे एक उभे होतो म्हणून लागोपाठ नंबर मिळाले. तेव्हापासून त्याचं "हजर" झालं की माझं "हजर". एका श्वासात निघायचं. त्या दिवशी पुढचं निघालंच नाही. तर माझ्या तोंडानं तेही काम करून टाकलं.

"हजर, साहेब!"

मागून कोणी फिस्सकन हसलं. साहेब चबुतऱ्यावर होते, ते उतरून आले. माझ्या समोर उभे राहिले. कडक इस्त्री. दाढी गुळगुळीत.

"तुझा नंबर काय?"

"सहाशे पंधरा, साहेब."

"मग मेलेल्याची हजेरी तू का देतोस? भूत शिरलंय का अंगात?"

आता सारं मैदान हसलं. साहेब बोलले म्हणजे हसायला परवानगी होती.

"तोंड उघड."

मी तोंड उघडलं. बाजारात बैलाचे दात पाहतात तसे साहेब वाकले. वास घेतला. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, दोन लेकरांचा बाप, आ करून उभा. साहेबांच्या नाकाला काही लागलं नाही. ते मला त्यांच्या डोळ्यांतच दिसलं. तरी म्हणाले, "टोपी काढ. पट्टा काढ."

पोलिसाची टोपी आणि पट्टा काढला म्हणजे सारं गेलं. ज्याचा कसूर असते त्याचंच काढतात. मग रायफल डोक्यावर धरायला लावली आणि मैदानाचे चक्कर मारायला लावले. सारे पाहत होते. तिसऱ्या चकरात कुठंतरी मोटारसायकलचा सायलेन्सर फटकन वाजला. मी जमिनीवर पालथा पडलो. उठलो तेव्हा पॅन्ट ओली होती.

ते पाहून मात्र कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं.

मी सातवी शिकलो. लिहिणं येते, शुद्ध येत नाही. कोणी सुधारून देतो म्हटलं तर मी देणार नाही. जसं आहे तसं राहू द्या.

दसरथ आणि मी बोदलकशाच्या तलावाजवळच्या एकाच गावचे. म्हशीच्या पाठीवर बसून तलावात उतरायचो. भरतीला एकाच सायकलवर डबलसीट गेलो. त्याची छाती अर्धा इंच कमी भरली तर मापणाऱ्याला म्हणे, "साहेब, सकाऊनपासून जेवलो नाही, थांबा, जेवून येतो." असा माणूस.

जंगलपट्ट्यात आमची ड्युटी होती. दोन गाड्या निघाल्या. रस्त्यात सुरुंग पेरला होता. पुढची गाडी उडाली. मागच्या गाडीत मी होतो. मी उतरलो. पंचनामा होईपर्यंत जे गोळा करायचं ते आम्हालाच करावं लागलं. चादरी कमी पडल्या. मी दसरथला तोंडावरून ओळखलं नाही. पट्ट्याच्या पितळी बिल्ल्यावरून ओळखलं. ६१४.

पुढं लिहीत नाही.

चौथ्या दिवशी आम्हाला मुख्यालयात आणलं. आंघोळ करा म्हटलं, जेवा म्हटलं, उद्या परेडला या म्हटलं. कसा आहेस, हे कोणी विचारलं नाही. मी कोणाला दोषही देत नाही. विचारायची रीतच नव्हती. शर्टाचं बटन तुटलं तर विचारायचे.

परेडच्या दुसऱ्या दिवशी मेमो आला. खुलासा द्या. ऑफिसातला बाबू भला माणूस. त्यानं मला बाजूला घेतलं. गोंदियाचा, अर्धी हिंदी बोलायचा.

"देखो दादा, मैं लिख देता हूँ. तुम्ही फक्त सही करा."

"काय लिहिलं?"

"दारू पिऊन परेडवर आलो, गलती झाली, माफी असावी."

"बाबू, मी पीत नाही."

"अरे दादा, साहेबालाही माहीत आहे. लेकिन कुछ तो लिखना पडेगा ना. दारूला रकाना आहे. ठपका लागते, मामला खतम. यहाँ कौन नहीं पीता? पण भेव वाटलं असं लिहाल तर बंदूक जाईल, मग नोकरी जाईल. भेवाचा रकाना नाही आपल्याजवळ."

मी सही केली. कोणाची जबरदस्ती नव्हती. माझी सही, माझ्या हाताची. हात थरथरत होता म्हणून वाकडी आली. ती वाकडी सही पाहून पुढं एक जण म्हणे, "पाहा, तेव्हाही पिऊनच होता."

आता बायकोचं सांगतो. तिचं नाव पारबता. आज ती नाही. तीन महिने झाले.

तिचा बाप मोहाच्या दारूनं मेला. शेवटी शेवटी घरातली भांडी नेऊन द्यायचा. म्हणून तिनं तीन सोयरे वापस केले. चौथा मी. पाहायला गेलो तेव्हा पोरगी सरळ माझ्या जवळ येऊन उभी. सारे मोठे बसलेले. म्हणे, "हात दावा." मी हात दाखवला. थरथरत नव्हता. म्हणे, "हा नाई पीत. चालते." अशी आमची सोयरीक झाली.

आता तोच हात थरथरत होता आणि कागदावर दारू लिहिली होती.

पोलीस लाइनीत बातमीला पाय लागत नाहीत. दोन दिवसांनी पारबता नळावरून आली. घागर खाली ठेवली नाही. कमरेवर तशीच.

"पेले का?"

"नाई."

"मंग सही काऊन केली?"

"बाबू म्हणे, नोकरी वाचते."

"नोकरी वाचली तुमची. नळावर मले बेवड्याची बायको म्हणून राहिल्या. माह्या बापानं नाव लावलं ते पुसाले मी या घरी आली होती."

"मंग काय म्हणू? भेलो म्हणू?"

"म्हणा ना! भेले तं भेले. वाघाले पाहून वाघही भेते. भेवणाऱ्याची बायको म्हणतील तं मी मान वर करून पानी भरीन."

तिनं घागर ठेवली. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही जेवलो नाही.

आठ दिवसांनी साहेबांसमोर उभं केलं. टोपी नाही, पट्टा नाही. टेबलावर माझा कागद. साहेबांनी वर पाहिलंही नाही.

"कबूल आहे?"

तिथं "हो साहेब" म्हणायचं असते. म्हणायचं आणि सलाम करून उलट फिरायचं. सारे तेच करतात. माझ्या डोळ्यासमोर घागर आली.

"नाही साहेब."

आता त्यांनी वर पाहिलं.

"सही तुझी आहे ना?"

"सही माझी आहे. लिहिलेलं खोटं आहे. मी पिलो नव्हतो. तुम्ही स्वतः वास घेतला, साहेब. तुम्हाला माहीत आहे. मी भेलो होतो. अजूनही भेतो. दार वाजलं तरी भेतो. हे लिहा."

"पोलीस आहेस. लाज नाही वाटत?"

"चकरा मारताना वाटली. आता नाही वाटत."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "असं लिहायला रकाना नाही. जा."

बाबूचंच वाक्य. बाबूनं बाजूला घेऊन म्हटलं, साहेबांनी टेबलामागून.

ओळ तशीच राहिली. सेवापुस्तकात लिहिलं गेलं, 'मद्यप्राशन करून परेडवर हजर.' वरून बंदूक काढून घेतली आणि मला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. काम काय, तर रजिस्टरांना रेघा मारायच्या. छापील रजिस्टर कधी वेळेवर येत नव्हते. कोऱ्या वह्या यायच्या. त्यात गोल लाकडी रूळ ठेवून रकाने पाडायचे. अनुक्रमांक, नाव, बक्कल नंबर, हजर, गैरहजर, रजा, आजारी, शेरा.

हात थरथरायचा, पण रुळाच्या आधारानं रेघ सरळ यायची. मी एकटा बसून रेघा मारायचो. कोणी आलं की आत डोकावून म्हणायचं, "काय सहाशे चौदा, हजर का?" हसून जायचे. सात वर्षं मला सहाशे चौदा म्हटलं. माझा नंबर लोक विसरले.

पारबतानंच मला डॉक्टरकडे नेलं. नागपूरला. रजेच्या अर्जावर मी पोटदुखी लिहिलं. खोटं बोलायचं नाही म्हणणारी तीच म्हणे, "पोट लिहा, पोटाले रकाना हाय." डॉक्टरीण बाई होती. तिनं सारं ऐकून घेतलं. मी किती सांगितलं? काहीच नाही. गाडी गेली, मित्र गेला, एवढंच. ती म्हणाली, हा आजार आहे, भित्रेपणा नाही. गोळ्या दिल्या. म्हणाली, गोळ्यांनी अर्धं काम होईल. अर्धं बोलून होईल. ज्या जागी अडकलात तिथं घरच्या माणसासोबत हळूहळू परत जा.

बायकोनं ते आपल्या पद्धतीनं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सडा टाकून झाला आणि ती हातात खराटा घेऊन उभी राहिली. मला समोर उभं केलं.

"सहाशे पंधरा!"

मला वाटलं, हिलाही वेड लागलं.

"बोला ना. सहाशे पंधरा!"

"हजर."

"सहाशे चौदा!"

माझ्या तोंडून निघालं, "हजर."

"कुठं हाय? दावा. त्याचा चहा मांडीन मी."

मी आत निघून गेलो. दुसऱ्या दिवशी परत खराटा, परत पुकारा. रोज. पोरं शाळेची तयारी करताना पाहायची, त्यांना वाटे आईबाबा खेळून राहिले. लहाना तर सलाम ठोकायचा. काही दिवस मी "हजर" म्हणायचो. मग काही दिवस चूपच राहायचो. धान कापणी झाली, मळणी झाली, थंडी आली. एक दिवस तिनं "सहाशे चौदा" म्हटलं आणि मी बोललो.

"नाही. तो गेला."

"कसा गेला?"

ते डॉक्टरीण बाईलाही सांगितलं नव्हतं. दसरथच्या घरच्यांनाही नाही. अंगणात उभ्यानंच सांगितलं. पुढच्या गाडीत माझी जागा होती. गाड्या निघायच्या आधी मी पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला गेलो. ठेलेवाला घोटत बसला. तुकडीचे साहेब ओरडले, बसा लवकर. दसरथ माझ्या जागेवर बसला. मी धावत आलो तर म्हणे, "तू मागच्यात बस. अर्धा दे इकडं." मी अर्धा खर्रा त्याच्या हातावर दिला. त्यानं तोंडात टाकला आणि डोळा मारला. झालं. दोन रुपयांच्या खर्ऱ्यानं मी वाचलो.

पारबता रडली नाही. खराटा भिंतीला टेकवला. खाली बसली. म्हणे, "आनखी सांगा."

मी सांगितलं. सारं. चादरीपर्यंत. ऊन ओट्यावर आलं तरी सांगत होतो.

त्या दिवसानंतर मी बरा झालो, असं लिहिलं तर खोटं होईल. दिवाळीत आजही मी शेतावर जाऊन बसतो. पण हात थांबला. दार वाजलं तर दारच वाजलं असं कळायला लागलं. आणि हजेरी आमची चालूच राहिली. मुदतीआधीच निवृत्ती घेतली, गोंदियाजवळ कुडव्याला दोन खोल्यांचं घर बांधलं, तरी सकाळी ती पुकारायची. शेवटी शेवटी खाटेवरून. "सहाशे पंधरा." मी चुलीजवळून म्हणायचो, "हजर." म्हणे, "मंग चहा आणा."

आता कोणी पुकारत नाही.

जायच्या आठवडाभर आधी ती म्हणाली, "ते ओळ खोडून आणजा." मी हो म्हटलं. मरणाऱ्याला माणूस हो म्हणतेच. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी कोणाला आठवते?

तेरवीच्या दिवशी कळलं. जेवणाची पंगत उठली होती. लाइनीतल्या जुन्या बाया आल्या होत्या. एकीनं पारबताच्या फोटोला हात जोडले आणि माझ्या सुनेला म्हणाली, "मोठी सोशिक होती बाई. बेवड्यासंगं सारा जलम काढला, पन तोंडातून शब्द नाई."

ती चांगलंच बोलत होती. मनापासून बोलत होती.

माझी सून माझ्याकडे पाहत राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मला कधी पिताना पाहिलं नाही. तरी त्या क्षणी तिच्या डोळ्यात विचार आला. आला, मी पाहिला.

बेवड्याची लेक म्हणून जन्मली. बेवड्याची बायको म्हणून मेली. पहिलं तिच्या बापानं केलं. दुसरं मी केलं, एका सहीनं.

तेरवी झाल्यावर पंधरा दिवसांत मुख्यालयातून बोलावणं आलं. पोलिसांसाठी ताणमुक्तीचं शिबिर होतं. जुन्या माणसांचा सत्कार. मी गेलो. शाल दिली, नारळ दिला. पुढं खुर्च्यांवर अधिकारी, मागं सतरंजीवर शिपाई-हवालदार. शहरातून आलेला एक पाहुणा बोलला. खोल श्वास घ्या, हसा, मोठ्यानं हसा. सारे हुकमानं हसले. ते हसणं मी ओळखतो.

मग तो म्हणाला, "मनावर ओझं आहे, झोप लागत नाही, असं कोणाला होतं का? मोकळेपणाने हात वर करा."

एक हात वर झाला नाही. माझ्या बाजूला सतरंजीच्या कडेला एक चाळिशीचा पोलीस नाईक बसला होता. त्यानं उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. घट्ट. मी तसाच धरायचो.

मी हात वर केला.

"बोला काका!" पाहुणा खूश झाला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "पुढच्या खुर्च्या रिकाम्या करा. मग पाहा किती हात वर होतात. ज्यांनी आमचा शेरा लिहायचा ते समोर बसले, आणि तुम्ही म्हणता मोकळे व्हा. मी एकदा मोकळा झालो होतो. माझ्या पुस्तकात दारू लिहिली."

पुढच्या रांगेत एक खुर्ची करकरली.

चहाच्या वेळी नवीन साहेबांनी मला बोलावलं. तरुण, नरम बोलणारे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, हे मी लिहितो, कारण ते खरं आहे.

"काका, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण आता कशाला जुनं उकरता? पेन्शन सुरू आहे, सन्मान झाला."

"ते ओळ खोडा, साहेब. त्या जागी लिहा, सुरुंगानंतर आजारी."

"माझ्या हातात असतं तर आजच केलं असतं. पण आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. त्यात असं लिहायला रकानाच नाही."

तिसऱ्यांदा ऐकलं. बाबू, जुना साहेब, आता हा. तिघांचं बोलणं वेगळं, आवाज वेगळा. रकाना तोच.

"साहेब," मी म्हणालो, "सात वर्षं तुमच्या ऑफिसचे रकाने मी पाडले. रकाना आभाळातून पडत नाही. माणूस रूळ ठेवते आणि रेघ मारते. 'आजारी' हा रकाना कितीदा पाडला, मोजला नाही. मला त्यात एकदाही बसवलं नाही."

ते म्हणाले, "अर्ज करा, पाहू."

शाल आणि नारळ टेबलावर ठेवून मी बाहेर आलो. तो नाईक बाहेर झाडाखाली उभा होता. म्हणाला, "काका, तुमचा डॉक्टर कोन होता?" मी सांगितलं. त्यानं हातावर लिहून घेतलं. कागदावर नाही लिहिलं. कागद कोणाच्या हाती लागतील, त्याला माहीत आहे.

अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. मी त्या दिवशी दारू पिलो नव्हतो. मी मित्राची बोटं उचलून आलो होतो आणि भेलो होतो. माझी बायको पारबता बेवड्याची बायको नव्हती. तीन ओळी. खाली सही. या वेळी सरळ आली.

अर्ज वापस आला. 'नियमात बसत नाही.' दुसरा लिहिला. तो घेणारा बाबू म्हणे, "काका, तुम्ही थकत नाही का?" मी म्हटलं, "बाबू, रायफल डोक्यावर धरून चकरा मारल्या, हा तर कागद आहे."

पोरं म्हणतात, बाबा, जाऊ द्या. परवा सुनेनंच तिसऱ्या अर्जाला पाकीट आणून दिलं.

निवृत्तीच्या दिवशी मी माझा रूळ घरी आणला होता. पारबता त्याचा अडसर करून दाराला लावायची. तो काल काढला, पुसला, थैलीत ठेवला. सोमवारी जातो आहे. त्यानंतरच्या सोमवारीही जाईन. टोपी नाही, पट्टा नाही, बंदूक नाही. माझं काढून घ्यायला त्यांच्याजवळ आता काही उरलं नाही.

म्हणतील, रकाना नाही.

मी म्हणीन, रजिस्टर द्या इकडं. मी पाडतो.